एक भाग बदलावा, की अख्खा संगणक?

सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला एक संगणक आहे असे समजा. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्रपट पाहणे ही कामे त्यावर अजून नीट होतात. पण घरातल्या अकरावी-बारावीच्या मुलाने एखादा नवा खेळ सुरू केला की पडद्यावरचे चित्र धक्के खात पुढे सरकते. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो मेमरी वाढवा. दुसरा म्हणतो ग्राफिक्स कार्ड नवे घाला. दुकानदार म्हणतो, "आता यात पैसे घालू नका, नवाच घ्या." तिघांच्याही बोलण्यात थोडेथोडे तथ्य असते. खर्च मात्र एकदाच करायचा असतो आणि तो चुकला तर वाया जातो.

हा प्रश्न बाजारातला वाटला तरी त्याला साठ वर्षांचा इतिहास आहे. मुळात संगणकाचा एखादाच भाग बदलता येतो ही सोय आपोआप आलेली नाही. ती काही माणसांनी, काही वेळा वाद घालून, निर्माण केली. आणि कोणता भाग बदलावा याचे उत्तरही दर काही वर्षांनी बदलत गेले. ते का बदलले हे समजले, तर आज आपल्यासमोरच्या यंत्राबाबतही नेमका विचार करता येतो.

सुटे भाग कसे जन्माला आले

१९६० च्या सुमारास मोठ्या संगणकांचे ग्राहक एका विचित्र अडचणीत असत. काम वाढले म्हणून मोठा संगणक घ्यावा, तर जुन्या संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या नव्यावर चालत नसत. एकाच कंपनीच्या दोन संगणकांची भाषादेखील वेगळी असे. यंत्र बदलणे म्हणजे वर्षानुवर्षे लिहिलेले सगळे पुन्हा लिहिणे.

७ एप्रिल १९६४ रोजी आय.बी.एम.ने 'सिस्टिम/३६०' हे संगणकांचे कुटुंब जाहीर केले. लहान-मोठे असे अनेक संगणक, पण सर्वांची आज्ञा समजण्याची भाषा एकच. शिवाय टेप, डिस्क, छपाईयंत्र ही उपकरणे जोडण्याची पद्धतही सर्वांना समान. त्यामुळे प्रोसेसर बदलला तरी आज्ञावली तीच ठेवता येऊ लागली आणि प्रोसेसर तोच ठेवून डिस्क बदलता येऊ लागली. याचा एक परिणाम पुढे दिसला. जोडणीचा साचा ठरलेला असल्याने इतर कंपन्याही त्यात बसणारी उपकरणे बनवू लागल्या. या कुटुंबाच्या रचनेचे प्रमुख होते जीन ॲमडाल. ते १९७० साली आय.बी.एम. सोडून बाहेर पडले आणि त्यांच्या स्वतःच्या कंपनीने १९७५ पासून आय.बी.एम.च्याच आज्ञावल्या चालवणारे मोठे संगणक विकले. साचा ठरवला की तो ठरवणाऱ्याच्या हातात राहतोच असे नाही, हे तेव्हाच दिसून आले.

घरगुती संगणकात हाच प्रश्न १९७७ साली उभा राहिला. स्टीव्ह वॉझनियॅक यांनी 'ॲपल टू'च्या मुख्य पाटीवर जादा कार्डे बसवण्यासाठी आठ खाचा ठेवल्या. स्टीव्ह जॉब्ज यांच्या मते दोन पुरे होत्या, एक छपाईयंत्राला आणि एक मोडेमला. वॉझनियॅक यांनी हट्ट सोडला नाही. पुढे लोकांनी त्या खाचांत डिस्क जोडणारी, मेमरी वाढवणारी, एवढेच काय दुसरा प्रोसेसर असलेली कार्डेही बसवली आणि हा संगणक अनेक वर्षे टिकला. १९८४ च्या जानेवारीत आलेल्या मॅकिंटॉशमध्ये मात्र जॉब्ज यांचे मत चालले. त्यात एकही खाच नव्हती, १२८ किलोबाइट मेमरी पाटीवर पक्की डाग दिलेली होती आणि पेटी उघडायला लांब दांड्याचा वेगळाच स्क्रूड्रायव्हर लागे.

या दोन टोकांच्या मधल्या काळात, १२ ऑगस्ट १९८१ रोजी, आय.बी.एम.चा 'पर्सनल कॉम्प्युटर' आला होता. तो घाईत बनवला होता, म्हणून त्यातले बहुतेक भाग बाजारात मिळणारेच होते. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोक्यांचा, म्हणजे ४.७७ मेगाहर्ट्झचा. पाटीवर पाच खाचा होत्या आणि दशांश अपूर्णांकांचे गणित वेगाने करणाऱ्या ८०८७ या जोडीदारासाठी एक रिकामी जागाही होती. आय.बी.एम.ने या संगणकाचे विद्युतमंडळांचे नकाशे पुस्तकरूपात विकायला ठेवले. फक्त सुरुवातीला यंत्र जागे करणारी 'बायोस' ही आज्ञावली लेखाधिकाराने बांधलेली होती. कॉम्पॅक या कंपनीने ती नव्याने लिहून घेतली. एका गटाने मूळ आज्ञावली काय काय करते ते टिपले आणि ती कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या टिपणांवरून नवी लिहिली. १९८२ च्या नोव्हेंबरात कॉम्पॅकने आपला संगणक जाहीर केला आणि आय.बी.एम.ची हुबेहूब चालणारी यंत्रे बनवायला वाट मोकळी झाली.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पुढे जे सुटे भाग मिळू लागले आणि गावोगावच्या होतकरू मुलांनी जे 'असेम्बल्ड' संगणक जोडले, त्यांची पाळेमुळे इथे आहेत. एकाचा प्रोसेसर, दुसऱ्याची पाटी, तिसऱ्याची डिस्क एकत्र चालतात, कारण सगळ्यांना जोडणीचा साचा ठाऊक असतो.

भाकरीचा हिशेब

सुटे भाग मिळाले, पण कोणता बदलायचा? याचे गणित सांगण्याचे श्रेय पुन्हा जीन ॲमडाल यांच्याकडे जाते. १९६७ साली एका परिषदेत ते एकाच वेळी अनेक प्रोसेसर कामाला लावण्याच्या कल्पनेवर बोलले. त्यांचा मुद्दा साधा होता. कामाचा जो भाग वेगवान होत नाही, तोच शेवटी एकूण वेग ठरवतो. पुढे याला 'ॲमडालचा नियम' असे नाव मिळाले.

भाकरीचे उदाहरण घेऊ. एकच माणूस आधी भाकरी थापतो, मग ती भाजतो. थापायला एक मिनिट लागते, भाजायला तीन. म्हणजे भाकरीमागे चार मिनिटे. आता थापण्याचा वेग दुप्पट केला तर अर्धे मिनिट वाचते आणि भाकरी साडेतीन मिनिटांत होते. थापण्याला शून्य वेळ लागला तरी तीन मिनिटांखाली जाता येणार नाही. उलट भाजण्याचा वेग दुप्पट केला, तर अडीच मिनिटांत काम होते.

आता दोन माणसे आहेत असे समजा. एक सतत थापतो, दुसरा एका तव्यावर भाजतो. दोन्ही कामे एकाच वेळी चालू असल्याने दर तीन मिनिटांनी एक भाकरी मिळते. थापणारा कितीही चपळ आणला तरी भाकरी तीन मिनिटांनीच मिळणार, कारण थापलेल्या भाकऱ्या तव्यासाठी खोळंबतील. दुसरा तवा आणला तर दर दीड मिनिटाला एक. तिसरा आणला तर दर मिनिटाला एक. चौथा तवा मात्र रिकामाच तापेल, कारण आता हात अपुरे पडतात.

जुना संगणक सुधारण्याचे बहुतेक सगळे शास्त्र या उदाहरणात आहे. काम एकामागून एक होत असेल तर वेळांची बेरीज करायची. कामे शेजारी शेजारी चालत असतील तर सर्वांत सावकाश चालणारे काम शोधायचे. आणि एका ठिकाणची कोंडी सोडवली की ती दुसऱ्या ठिकाणी उभी राहते, हे लक्षात ठेवायचे.

खेळांनी घेतलेली परीक्षा

सुरुवातीच्या पीसीवर खेळांची अडचण उलटीच होती. काही खेळांचे वेळापत्रक थेट प्रोसेसरच्या ठोक्यांवर बेतलेले असे. ते ४.७७ मेगाहर्ट्झसाठी लिहिलेले. प्रोसेसर बदलला की खेळ इतका सुसाट पळे की खेळताच येत नसे. म्हणून अनेक संगणकांच्या पेटीवर 'टर्बो' नावाचे बटण आले. नाव वेगाचे, पण त्याचा खरा उपयोग यंत्राचा वेग कमी करण्यासाठी होता.

१० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' हा खेळ आला आणि चित्र पालटले. त्याला निदान ३८६ जातीचा प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट मेमरी हवी होती. कागदोपत्री ही अट पुरी करणाऱ्या अनेक यंत्रांवरही तो अडखळे. कारण शोधायला थोडा गुणाकार करू. पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला एक बाइट. म्हणजे एका चित्राला ६४,००० बाइट लागतात. डूम सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रे दाखवी. म्हणजे सेकंदाला २२ लाख ४० हजार बाइट प्रोसेसरकडून चित्र-कार्डाकडे जायला हवेत.

ते जात कुठून? १९८४ च्या 'पीसी एटी' पासून चालत आलेल्या खाचेतून. तिचा वेग ८ मेगाहर्ट्झ, एका फेरीत दोन बाइट आणि एका फेरीला साधारण दोन ठोके. कागदावर सेकंदाला ८० लाख बाइट. प्रत्यक्षात अनेक कार्डांना याचा थोडाच हिस्सा साधे. शिवाय तेवढा वेळ प्रोसेसर चित्र पाठवण्यात अडकून पडे. म्हणजे ३८६ काढून ४८६ बसवला तरी हा रस्ता तेवढाच अरुंद राही. १९९२ पासून आलेल्या 'व्हेसा लोकल बस' आणि 'पीसीआय' या नव्या खाचांनी हा रस्ता रुंद केला. पीसीआयची क्षमता कागदावर सेकंदाला १३ कोटी ३० लाख बाइट होती. पण जुन्या पाटीवर नवी खाच कुठून येणार? खाच हवी तर पाटी बदला, पाटी बदलायची तर बहुधा प्रोसेसरही बदला. एक भाग बदलायला निघालेला माणूस अर्धा संगणक बदलून परत येई, तो असा.

डूममध्येच एक फुकटचा उपायही होता. खेळाची खिडकी लहान करता येई. ठिपके कमी झाले की खेळ सुरळीत होई. ही युक्ती ध्यानात ठेवू, पुढे ती निदानासाठी कामी येणार आहे.

त्याच काळात इंटेलने ४८६ चे दोन प्रकार विकले. 'डीएक्स'मध्ये अपूर्णांकांचे गणित करणारा भाग आत होता, १९९१ च्या स्वस्त 'एसएक्स'मध्ये तो चालत नसे. एसएक्स घेणाऱ्यांसाठी पाटीवर '४८७ एसएक्स' या जोडीदाराची रिकामी जागा असे. गंमत अशी की ४८७ एसएक्स हा जोडीदार नव्हताच. तो जवळजवळ संपूर्ण ४८६ डीएक्सच होता आणि बसवल्यावर जुन्या प्रोसेसरला तो झोपवून टाकी. ग्राहकाला वाटे की आपण भर घातली. प्रत्यक्षात त्याने दुसरा प्रोसेसर विकत घेऊन पहिला बिनकामाचा केलेला असे. आणि डूमसाठी या खर्चाचा उपयोग जवळपास शून्य होता, कारण तो खेळ सगळे हिशेब पूर्णांकांतच करी.

१९९२ चा '४८६ डीएक्स-टू' ही सुधारणा जास्त प्रामाणिक होती. पाटी ३३ मेगाहर्ट्झने चाले, प्रोसेसर आतल्या आत ६६ ने. मग काम दुप्पट वेगाने होई का? नाही. प्रोसेसरच्या पोटात ८ किलोबाइटची छोटी जलद मेमरी होती. हवी ती माहिती तिथे सापडली तर काम दुप्पट वेगाने होई. बाहेरच्या मेमरीकडे हात पसरावा लागला की पुन्हा जुनाच वेग. हा ॲमडालचा नियमच झाला.

२२ जून १९९६ रोजी 'क्वेक' आला आणि निवडीचे सगळे ठोकताळे उलटले. या खेळातले जग खऱ्या अर्थाने त्रिमितीचे होते आणि त्याचे हिशेब अपूर्णांकांत होते. दूर जाणाऱ्या भिंतीवरचे चित्र बरोबर दिसावे म्हणून भागाकार करावे लागत. भागाकार सर्वांत महाग. क्वेकच्या कर्त्यांनी तो दर सोळा ठिपक्यांमागे एकदाच करायचे ठरवले, आणि तो चालू असताना पेंटियमच्या दुसऱ्या भागाला ठिपके रंगवायला लावले. थापणे आणि भाजणे शेजारी शेजारी चालावे, तसे हे होते. पण ही सोय पेंटियमच्या रचनेवर बेतलेली होती. सायरिक्स कंपनीचा १३३ मेगाहर्ट्झचा एक प्रोसेसर 'पी १६६ प्लस' या नावाने, म्हणजे १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या बरोबरीचा म्हणून विकला जाई. पत्रव्यवहार, हिशेब अशा कामांत तो तसा होताही. क्वेकमध्ये मात्र तो पुष्कळ मागे पडे, कारण त्याचा अपूर्णांकांचा भाग कच्चा होता. यंत्र तेच, पण एका कामासाठी नवे आणि दुसऱ्यासाठी जुने. 'हा संगणक जुना झाला का?' हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोणत्या कामासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

कोंडी सरकत गेली

१९९६ च्या उत्तरार्धात थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या 'व्हूडू' चिपची कार्डे बाजारात आली. त्यांचे वैशिष्ट्य असे की ती जुने चित्र-कार्ड काढायला सांगत नसत. जुने कार्ड जागीच राही, नवे शेजारच्या पीसीआय खाचेत बसे आणि दोघांना एक आखूड तार जोडे. रोजच्या कामाचे चित्र जुन्या कार्डाचे, खेळ सुरू झाला की नव्याचे. ठिपके रंगवण्याचे काम प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरले. १९९७ च्या जानेवारीत क्वेकची अशा कार्डांसाठीची आवृत्ती आली, तेव्हा तोच संगणक जास्त ठिपक्यांचे, जास्त गुळगुळीत चित्र अधिक वेगाने दाखवू लागला. एकच भाग बदलून एवढा फरक पडल्याची उदाहरणे संगणकाच्या इतिहासात फार थोडी आहेत. कारण सरळ आहे. वेळेचा सर्वांत मोठा हिस्सा जिथे जात होता, तिथेच हा उपाय होता.

पण १९९८ साली 'व्हूडू टू' आले तेव्हा जुन्या पेंटियमवर त्याचा पुरता लाभ मिळेना. तवे वाढले होते, आता हात अपुरे होते. १९९९ मध्ये एनव्हिडियाच्या 'जीफोर्स २५६' ने आकृत्या फिरवण्याचे आणि प्रकाशाचे गणितही कार्डाकडे घेतले. कोंडी पुन्हा सरकली.

दरम्यान आणखी एक दरी रुंदावत होती. प्रोसेसरचा वेग जेवढ्या झपाट्याने वाढला, तेवढा मेमरीचा वाढला नाही. १९९५ साली वुल्फ आणि मॅकी या दोन शास्त्रज्ञांनी एका छोट्या लेखात इशारा दिला की असेच चालू राहिले तर प्रोसेसर बहुतेक वेळ मेमरीची वाट पाहत बसेल. त्यांनी याला 'मेमरीची भिंत' म्हटले. या भिंतीवरचा एक उपाय म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली जलद मेमरी वाढवणे. २०२२ च्या एप्रिलमध्ये एएमडीने आणलेल्या 'रायझन ७ ५८००एक्स३डी' मध्ये चिपवर चिप रचून ती ९६ मेगाबाइट केली होती. ४८६ च्या ८ किलोबाइटच्या बारा हजारपटींहून अधिक. त्याच कंपनीच्या साध्या ५८००एक्सपेक्षा याचे ठोके कमी होते, तरी अनेक खेळांत तो सरस ठरला.

साचा किती टिकतो

या चिपची आणखी एक गोष्ट आपल्या विषयाला लागू आहे. ती 'एएम फोर' नावाच्या बैठकीत बसे. ही बैठक २०१६ पासूनची. २०१७ साली पहिला रायझन घेतलेल्या अनेकांना पाटी, मेमरी, पेटी तीच ठेवून, फक्त बायोस अद्ययावत करून, पाच वर्षांनंतरची ही चिप बसवता आली. मात्र ही सोय सुरुवातीपासून नव्हती. सर्वांत जुन्या पाट्यांना ५००० मालिकेची परवानगी २०२२ मध्ये मिळाली.

याच्या उलटही घडलेले आहे. १९९७ पर्यंत पेंटियमच्या 'सॉकेट सेव्हन' या बैठकीत इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिघांचेही प्रोसेसर बसत. त्या वर्षी इंटेलने पेंटियम-टू साठी 'स्लॉट वन' ही वेगळी आणि हक्क राखून ठेवलेली खाच आणली. प्रतिस्पर्ध्यांना दार बंद झाले आणि जुन्या पाटीवाल्यांना इंटेलच्या पुढच्या पिढीचीही वाट बंद झाली. म्हणून यंत्र घेताना 'हा साचा अजून किती वर्षे चालेल?' हा प्रश्न आजच्या वेगाइतकाच महत्त्वाचा असतो.

काही साचे मात्र चिवट निघाले. पेटी, पाटी आणि वीजपुरवठा यांची 'एटीएक्स' मापे १९९५ पासून चालू आहेत. ग्राफिक्स कार्डाची 'पीसीआय एक्स्प्रेस' खाच २००३ साली ठरली. तिच्या आणि तिच्या आधीच्या 'एजीपी' खाचेच्या रचनेत इंटेलच्या अजय भट्ट यांचा मोठा वाटा आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे ते पदवीधर. या खाचेच्या पुढच्या आवृत्त्या मागच्यांशी जुळवून घेतात. आजचे कार्ड दहा वर्षांपूर्वीच्या पाटीत बहुधा चालू होते, फक्त रस्ता जुन्या वेगाचा मिळतो. यातही एक खोच आहे. २०२२ मध्ये आलेल्या 'रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी' या स्वस्त कार्डाला सोळाऐवजी चारच मार्गिका होत्या. नव्या पाटीत त्या बऱ्यापैकी पुरत. जुन्या, तिसऱ्या आवृत्तीच्या पाटीत प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्मा, त्यामुळे तेच कार्ड तिथे कितीतरी खेळांत मागे पडे. म्हणजे जुन्या संगणकवाल्याला परवडणारे कार्ड नेमके जुन्या संगणकातच कमी चाले.

भाव आणि भार

निर्णयात काळवेळही असते. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधील नीहामा इथल्या सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या वेष्टनाला लागणारे राळेसारखे द्रव्य तिथे तयार होई. जगभर मेमरीचे भाव कडाडले. १९९६ मध्ये ते कोसळले आणि व्हूडूसारखे मेमरीवर अवलंबून असलेले कार्ड घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आले. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या संगणकगृहांची मागणी वाढली आणि मेमरी पुन्हा झपाट्याने महाग झाली. मेमरी नेहमी स्वस्तच होत जाते, या समजुतीवर विसंबून निर्णय पुढे ढकलणारे अशा वेळी फसतात.

दुसरा भार खिशावर दिसत नाही. २००२ साली विल्यम्स, एअर्स आणि हेलर यांनी दोन ग्रॅम वजनाच्या एका मेमरी-चिपचा हिशेब मांडला. ती बनवण्यात आणि वापरण्यात मिळून सुमारे १६०० ग्रॅम खनिज इंधन लागते आणि बनवताना ३२ किलो पाणी खर्च होते असे त्यांना आढळले. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला. त्यातला पावहिस्साही नोंद होईल अशा रीतीने गोळा झाला नाही. चालू भाग फेकला की त्याच्या जन्मासाठी लागलेले पाणी आणि इंधनही फेकले जाते.

निदान आधी, औषध मागून

तर आता सुरुवातीच्या त्या अडखळणाऱ्या संगणकाकडे येऊ. पैसे खर्च करण्याआधी एक प्रयोग फुकट करता येतो. खेळाच्या मांडणीत जाऊन चित्रातल्या ठिपक्यांची संख्या निम्मी-पाव करा. बाकी काही बदलू नका. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड शेजारी शेजारी काम करतात, म्हणजे आपल्या दोन माणसांच्या भाकरीसारखे. ठिपके कमी केल्यावर सेकंदाला मिळणारी चित्रे पुष्कळ वाढली, तर कोंडी कार्डात होती. कार्ड बदलण्याचा विचार करावा. चित्रे वाढलीच नाहीत, तर कार्ड आधीच रिकामे बसते आहे. नवे आणले तर तेही बसून राहील. दोष प्रोसेसरचा किंवा मेमरीचा.

मेमरीबाबत आधी पेटी उघडून पाहावे. पाटीला दोन मार्ग असताना एकाच पट्टीवर काम चालले असेल, तर तशीच दुसरी पट्टी बसवल्याने रस्ता दुप्पट रुंद होतो. हा उपाय त्यामानाने स्वस्त आहे. खेळ किंवा संगणक सुरू व्हायला वेळ लागत असेल आणि जुनी फिरती डिस्क असेल, तर एसएसडी बसवावी. फिरत्या डिस्कला माहितीच्या जागी पोचायला हजारांश सेकंदांत मोजावा असा वेळ लागतो, एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. पण खेळ सुरू झाल्यावर सेकंदाला किती चित्रे दिसतात, ते यामुळे फारसे बदलणार नाही. कार्ड घेण्याआधी वीजपुरवठ्याची क्षमता आणि त्याच्या तारांची टोके पाहावीत. आणि प्रोसेसर बदलायचा, पण त्याच बैठकीत बसणारा चांगला प्रोसेसर मिळत नाही, असे असेल तर पाटी आणि बहुधा मेमरीही आली. या तिन्हींची बेरीज नव्या यंत्राच्या जवळ जाऊ लागली, की दुकानदाराचे म्हणणे खरे ठरते.

अलीकडे एक वेगळेच कारण पुढे आले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला सुरक्षेची एक विशिष्ट सोय लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर ती स्वीकारत नाही. इथे यंत्र मंद झालेले नाही, त्याला नकार मिळालेला आहे. ॲमडालचे गणित अशा वेळी उपयोगी पडत नाही. शाळेच्या संगणककक्षातली अनेक यंत्रे या वर्गात मोडतात. त्यांच्यावर लिनक्स घालून, एसएसडी बसवून लिहिणे, वाचणे, आज्ञावली शिकणे ही कामे वर्षानुवर्षे होऊ शकतात. नवा खेळ त्यांच्यावर चालणार नाही, पण ती त्या कामासाठी ठेवलेलीही नाहीत.

वर्गात हा धडा घ्यायचा असेल तर भाकरीच्या उदाहरणातले आकडे बदलून मुलांना सोडवायला द्या. थापायला दोन मिनिटे, भाजायला तीन, माणसे दोन. किती तव्यांनंतर नवा तवा घेणे व्यर्थ? मग शाळेतला एखादा बंद पडलेला संगणक उघडून त्यातल्या खाचा, बैठक, मेमरीच्या जागा मोजायला सांगा. शेजारी एखादा आजचा पातळ लॅपटॉप ठेवा. अनेक लॅपटॉपमध्ये मेमरी १९८४ च्या मॅकिंटॉशसारखी पाटीला डाग देऊन पक्की केलेली असते. तिथे 'काय बदलावे?' हा प्रश्नच उरत नाही, कारण तो निर्णय कारखान्यात आधीच घेतला गेलेला असतो. आठ खाचा की दोन, हा १९७७ चा वाद मुलांना सांगून त्यावर त्यांचे मत विचारावे. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे.